मदत हवी आहे: सुट्टीतल्या प्रयोगाची प्रीमियम तिकिटं घ्यावीत का?

नमस्कार मंडळी. सुट्टीत आईला आणि 6 वर्षांच्या लेकीला नृत्य-संगीताचा एक मोठा प्रयोग दाखवायचा आहे. प्रीमियम म्हणजे पुढच्या 3 रांगा, आणि तिकीट साध्यापेक्षा बरंच महाग. पैसे देईन, पण ते सार्थकी लागायला हवेत.

मागे एकदा मी अगदी पहिल्या रांगेत होते. रंगमंचाची कड आड येत होती, नर्तकांची पावलंच दिसेनात! कपाळावरचा घाम मात्र दिसला, तो अजून आठवतो. समूहनृत्यातली वर्तुळं बाल्कनीतून छान उलगडतात, पण तिथला कठडा लेकीच्या बरोबर डोळ्यांसमोर येईल. शिवाय आईचे गुडघे दुखतात, जिने नकोतच.

सातव्या-आठव्या रांगेत मधोमध जागा मिळाली तर तीच घ्यावी, असं वाटतंय. कडेच्या खुर्च्या नकोत, तिथून अर्धं नेपथ्य दिसतच नाही.

लहान मुलांना घेऊन गेलेल्यांनी प्लीज सांगा, तुम्ही कुठे बसला होतात? उंचीसाठी उशी घरून नेऊ देतात का? आणि पुढच्या रांगांत स्पीकरचा आवाज मुलांना झेपतो का? 2 दिवसांत बुकिंग करायचं आहे.