मदत हवी आहे: गरोदर ताईची सिगारेट. बोलावं की गप्प बसावं?

ताईला चौथा महिना लागलाय. सिगारेट बरीच कमी केलीये, पण सुटत नाहीये. परवा गॅलरीचं दार ओढून घेऊन उभी होती, एक हात पोटावर. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "शरीर माझं आहे. आणि एकदम सोडली तर त्या टेन्शननेच बाळाला जास्त त्रास होईल."

पहिलं म्हणणं मला मनापासून पटतं. बाईला दिवस गेले की तिच्या खाण्या-झोपण्यावर सगळं घर पहारा देतं, त्यात मला भर घालायची नाही. कायद्याने बंदी आणा म्हणणारेही भेटतात. मला ते मान्य नाही. धाक बसला की बाई डॉक्टरांपासूनही लपवते आणि मदत मिळायची ती वाटही बंद होते.

दुसरं मात्र खरं नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या 200 हून जास्त पट घट्ट चिकटतो, वारेतून (प्लॅसेंटातून) बाळाच्या रक्तात उतरतो आणि तिथे आईपेक्षाही जास्त साठतो. अशा बाळांचं वजन सरासरी 200 ग्रॅमच्या आसपास कमी भरतं. अपुऱ्या दिवसांची प्रसूती, वार आधीच सुटणं, बाळ पोटात दगावणं, हे धोकेही वाढतात. साधारण 15 आठवड्यांच्या आत पूर्ण सोडली तर यातलं बरंचसं टळतं, म्हणजे तिच्या हातात अजून थोडा वेळ आहे. नंतर सोडली तरी फायदा होतोच.

हे सगळं नीट कळूनही तिने ओढली, तर निर्णय तिचा. पण चुकीच्या समजुतीवर घेतलेला निर्णय तिची निवड कशी म्हणायची? त्यात व्यसन. सकाळी उठल्या उठल्या हात थरथरतो, तेव्हा निवड कितीशी मोकळी उरते?

आणि भाऊजी! ते घरातच ओढतात, त्यांना कुणी चकार शब्द बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2013 च्या शिफारशींत घरातल्या इतरांच्या धुराचाही विचार आहे, पण आमच्याकडे सगळी बोटं ताईकडेच.

गरोदरपणात जिने सोडली असेल तिने कृपया सांगा: कुणाच्या बोलण्याने फरक पडला? समुपदेशनाचा उपयोग झाला का? डॉक्टरांनी निकोटिनचे पॅच किंवा च्युइंगम दिले होते का? भाऊजींशी मी बोलू की डॉक्टरांनाच बोलायला सांगू? "बाळाचा विचार कर म्हणावं" असे सल्ले मात्र नकोत. तो ती रात्रंदिवस करतेच आहे.