वस्तीत एचआयव्ही तपासणी: एका दुपारी ४० जणी जमतील का?

हायवेकाठ:
पुणे–बेंगळुरू महामार्गालगतचं तालुक्याचं गाव. लॉज आणि ढाब्यांवर धंदा करणाऱ्या बायकांसाठी आमची छोटी संस्था बोटाच्या रक्ताची तपासणी सुरू करतेय. किट डापकूकडून (जिल्ह्याच्या एड्स नियंत्रण पथकाकडून) मिळतील, नर्स आणि समुपदेशक प्रत्येकी एक. प्रश्न तीन. एका दुपारी ४० जणी उरकतील का? फलकावर नुसतं 'आरोग्य शिबिर' लिहावं का? आणि कुणी रिॲक्टिव्ह आली, म्हणजे चाचणीत एचआयव्हीची खूण दिसली, तर तिथेच सांगायचं की नाही?

लॅबवाली:
४० विसरा. चाचणीआधीचं बोलणं, संमती, टोचणं, थांबणं, निकाल सांगणं हे धरलं तर एका जोडीने चार तासांत २०–२५ जणी झाल्या तरी पुष्कळ. घाई झाली की पहिली चूक होते ती एकीची कॅसेट (चाचणीची पट्टी) दुसरीच्या नावावर जाण्याची. म्हणून टोचण्याआधीच मार्करने कॅसेटवर कोड लिहा आणि बफर (किटमधला द्रव) टाकल्याची वेळ टाका. नाव नको. एका वेळी टेबलावर चारपेक्षा जास्त कॅसेट नकोत.

टोचताना मधलं किंवा अनामिका बोट घ्या, मधोमध नव्हे, टोकाच्या कडेला. स्पिरिट पूर्ण वाळू द्या. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसा, दुसरा घ्या. हात गार असेल तर आधी चोळून खाली सोडायला सांगा. बोट पिळून रक्त काढलं की पेशींच्या मधल्या जागेतलं पाणी मिसळतं आणि नमुना पातळ होतो. रक्त किती घ्यायचं ते किटसोबतच्या ड्रॉपरच्या खुणेवर ठरवा, अंदाजाने नाही. बफरची बाटली सरळ उभी धरा. तिरकी धरली तर थेंबाचं माप चुकतं. एका लॉटचा बफर दुसऱ्या लॉटला वापरू नका.

वाचायची वेळ पत्रकात दिलेली असते, ती पाळा. उशिरा वाचलेली रेघ धरायची नाही. वेळेत दिसलेली फिकट रेघ मात्र रिॲक्टिव्हच धरायची. कंट्रोलची रेघच (चाचणी नीट चालल्याची खूण) आली नाही तर चाचणी बाद, नवी कॅसेट. लॉजच्या पिवळ्या बल्बखाली फिकट रेघ हमखास निसटते, पांढऱ्या उजेडाचा दिवा न्या. किट साधारण २ ते ३० अंशांत ठेवायचे असतात. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवलेला डबा सरळ वाया जातो. कॅसेटचं पाकीट टोचायच्या क्षणीच फोडा.

समुपदेशक_मिरज:
फलकावर 'आरोग्य तपासणी' चालेल, बीपी-शुगर ठेवा, गर्दीत कोण कशाला आलं ते कळत नाही. पण आत प्रत्येकीला एचआयव्हीचं नाव घेऊन विचारायचं आणि 'नको' म्हणाली तर बीपी बघून सोडायचं. शुगरच्या नावाखाली गुपचूप चाचणी करणं २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात बसत नाही, संमती आणि गुप्तता दोन्ही बंधनकारक आहेत. घरवाली (धंद्याची मालकीण) किंवा लॉजमालक 'माझ्या पोरींचे रिपोर्ट मला द्या' म्हणणारच. जागा दिल्याबद्दल आभार मानायचे, आकडासुद्धा सांगायचा नाही. तीन जणींच्या लॉजवर 'एक निघाली' म्हणणं म्हणजे नाव सांगण्यासारखंच.

निकाल त्याच दिवशी, एकटीला, खोलीचं दार लावून. 'तुला एचआयव्ही आहे' असं म्हणायचं नाही. 'पहिल्या चाचणीत खूण आली, पक्कं करायला आयसीटीसीत आणखी चाचण्या होतात' एवढंच. तिथे, म्हणजे सरकारी समुपदेशन-चाचणी केंद्रात, वेगवेगळ्या किटवर तीन चाचण्या होऊनच निदान ठरतं.

एक गोष्ट सगळे विसरतात. रिॲक्टिव्ह बाई आत बराच वेळ बसते आणि बाकीच्या पटकन बाहेर येतात, म्हणजे निकाल जाहीरच झाला. सगळ्यांना साधारण सारखाच वेळ द्या, सगळ्यांना सारखंच बंद पाकीट द्या. त्यात निरोध, १०९७ या एड्स हेल्पलाइनचा कागद आणि आयसीटीसीची वेळ. चिठ्ठी फक्त रिॲक्टिव्हला दिली तर ती लपवायला जागा राहत नाही.

पीअर_ताई:
शिबिराचा दिवस आयसीटीसीच्या वेळेवरून ठरवा. शनिवारी दुपारी रिॲक्टिव्ह आली तर सोमवारपर्यंत ती एकटी, आणि तेवढ्यात गाव सोडून जाते. सोमवार ते बुधवार बरं. वेळ ११ ते ३. सकाळी झोप असते, संध्याकाळी गिऱ्हाईक. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेच्या आसपास तर आपल्या पट्ट्यातल्या कितीतरी जणी गावी असतात, तेव्हा शिबिर लावूच नका.

दुसऱ्या दिवशी सोबत कोण जाणार ते टोचण्याआधीच ठरलेलं हवं. पण सोबतीला संस्थेची सगळ्यांना माहीत असलेली पीअर (वस्तीतलीच कार्यकर्ती) तिला नको असेल, तर शेजारच्या तालुक्याचं केंद्र सुचवा. आणि आधी हळूच विचारा, 'गोळ्या चालू आहेत का?' एआरटीवर (एचआयव्हीच्या औषधांवर) असलेल्या बाईची चाचणी बहुतेक रिॲक्टिव्हच येणार. तिला पुन्हा टोचून नवी केस म्हणून नोंदवलं की यादीही बिघडते आणि विश्वासही जातो.

हायवेकाठ:
कळलं, दोन दुपारी करतो. निगेटिव्ह आलेल्यांचं काय? आणि कचरा?

लॅबवाली:
निगेटिव्हला सहा महिन्यांनी परत. मागच्या तीन महिन्यांत कंडोम फाटला किंवा न वापरता संबंध झाला असेल तर तीन महिने झाल्यावर पुन्हा, कारण विंडो पिरियडमध्ये (लागण होऊनही चाचणीत न दिसण्याच्या काळात) चाचणी फसते. घटना ७२ तासांच्या आतली असेल तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात पेपच्या (संपर्कानंतर लागण टाळायच्या) २८ दिवसांच्या गोळ्यांसाठी पाठवा. निरोध मूठभर देऊ नका, आठवड्याला किती गिऱ्हाइकं ते विचारून पुढच्या भेटीपर्यंत पुरतील एवढे मोजून द्या.

लॅन्सेट (टोचायची सुई) टोचल्या टोचल्या पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत. रक्त सांडलं तर १ टक्का हायपोक्लोराइट. हे सगळं परत कोण घेणार, आयसीटीसी की प्राथमिक आरोग्य केंद्र, ते आधी लेखी ठरवून घ्या. लॉजमागे जाळायचं नाही.