लाइनवरची माणसं थकलीत. सुपरवायझरला ट्रेनिंग देऊन फरक पडेल का?

शॉपफ्लोअर_एचआर:
असेंब्ली लाइन, २४ ऑपरेटर, टार्गेट ८६० नग. पाळी दर आठवड्याला बदलते: पहिली, दुसरी, मग रात्रपाळी. सोमवारची गैरहजेरी वाढलीय, रीवर्कही (खराब नग पुन्हा दुरुस्त करणं). मीटिंगमध्ये कुणी तोंड उघडत नाही. वरून सूचना आहे की सुपरवायझरांना दोन दिवसांचं लीडरशिप ट्रेनिंग द्या. उपयोग होईल?

स्टॉपवॉच:
आधी हिशेब. ४८० मिनिटांतून जेवणाची ३० आणि दोन चहाची २० गेली की ४३० उरतात. ८६० नग म्हणजे नगामागे ३० सेकंद. सायकल टाइम, म्हणजे स्टेशनवर एका नगाला प्रत्यक्ष लागणारा वेळ, २८ असेल तर हातात २ सेकंद. एक जण ३ मिनिटं लघवीला गेला की ६ नग मागे. ते भरून काढायला पुढचे ९० नग, म्हणजे ४२ मिनिटं, श्वास न घेता हात चालवायचा. मग माणसं पाणीच कमी पितात. इथे सुपरवायझर गोड बोलून काय करणार? सगळी स्टेशनं येणारे दोन रिलीव्हर, म्हणजे कुणी उठला की तेवढा वेळ त्याची जागा सांभाळणारे, द्या. आणि त्यांना गैरहजर माणसाच्या जागी उभं करू नका, बहुतेक ठिकाणी योजना तिथंच मरते.

जुना_फोरमन:
रिलीव्हर सोडायचा की नाही हे ठरवतो सुपरवायझरच ना? अँडनची दोरी (अडचण आली की मदत मागायला, लाइन थांबवायला ओढतात ती) ओढल्यावर तो "काय अडलं?" विचारतो की "कुणी थांबवली?" हे ऐका. दुसरं असेल तर लोक दोरीला हात लावणं सोडतात, खराब नग पुढे जातो आणि रीवर्क वाढतं. ट्रेनिंग द्या, पण त्याला फक्त नगांवर जोखत राहिलात तर ते पहिल्या डिस्पॅचच्या घाईतच विसरलं जाईल. रिलीफ किती दिला, दोरीला किती वेळात पोचला, हेही त्याच्या अप्रेझलमध्ये घ्या.

पाळीपत्रक:
सोमवारी नेमके कोण येत नाहीत ते तपासा. रात्रपाळी रविवारी सकाळी ७ ला सुटत असेल आणि सोमवारी ७ ला पहिली पाळी लागत असेल, तर मध्ये फक्त २४ तास. बाकीच्या दोन बदलांत ४८ मिळतात. शनिवारची रात्र बंद ठेवा, नाहीतर त्या गटाची सुट्टी सोमवारी द्या.

शॉपफ्लोअर_एचआर:
मस्टर काढलं. बहुतेक रात्रपाळीवरून आलेलेच आहेत. रिलीव्हर कंत्राटदाराकडून घेतले तर चालतील?

स्टॉपवॉच:
नको. नवा माणूस सगळी स्टेशनं शिकेपर्यंत कंत्राट संपतं. लाइनवरचेच दोन जुने काढा, त्यांच्या जागी नवे भरा.