45 हजार शिल्लक: नवा कॉम्प्युटर की बाबांचा दवाखाना?

शहापूरचा डीटीपीवाला
पंधरा दिवस झाले, घरात हाच विषय. बायको म्हणते कॉम्प्युटर बदला, मी म्हणतो पैसे बाबांसाठी राहू देत. माझा डबा 2013 चा, विंडोज 7 वर चालतो. त्याच्यात पेजमेकर (पानं लावायचं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपी (मराठी अक्षरांचं). लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, सोसायट्यांचे अहवाल, सगळं त्याच्यावरच होतं. नेट जोडलेलंच नाही, मग व्हायरस कुठून येणार? (गिऱ्हाईकांचे पेनड्राईव्ह सोडून बोला.) बाबा 66 वर्षांचे, त्यांना साखर आहे. मागच्या वर्षी छातीत दुखलं म्हणून तीन दिवस ठेवलं होतं. रेशन कार्ड आमचं एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरचं. यंत्र चालतंय तोवर चालवावं, असं माझं मत आहे. चुकत असेल तर सांगा, पण बायकोची बाजू घेऊन नको.

येळ्ळूरची सून
तिचीच बाजू घेणार! ऐन लग्नसराईत आमच्या ह्यांची हार्डडिस्क बसली. गिऱ्हाईकं दारात, मुहूर्त काय पुढे जातोय? आठवडाभर दुकान बंद, त्यातली दोन गिऱ्हाईकं कायमची गेली. पोट ज्याच्यावर चालतं ते मोडकं ठेवून बाबांच्या गोळ्या कुठून आणणार?

मिरजेचा फेरीवाला
ताई, हार्डडिस्क बसली तर आठवड्यात नवी बसते की ओ. आमच्या अण्णांच्या वेळी दवाखान्यानं रात्री दोन वाजता ॲडव्हान्स मागितला होता, तेव्हा कपाटातला नवा मॉनिटर विकून भागत नाही. धागाकर्त्याचं बरोबर आहे.

शहापूरचा डीटीपीवाला
हेच घरी दाखवतो.

आकडेमोड
थांबा, दाखवू नका. 45 हजार बँकेत ठेवून दवाखान्याची सोय झाली असं समजणं हाच खरा घोटाळा आहे. अँजिओप्लास्टीच निघाली तर एवढ्यात काय होतं? पैसे बाबांसाठीच म्हणता, तर विम्यात घाला. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी शून्य झालाय. विमा घ्यायला वयाची 65 ची अटही आता राहिलेली नाही. साखर मात्र लपवू नका, आणि ते छातीत दुखलेलंही. आधीच्या दुखण्यांचा खर्च द्यायला विमा कंपन्या जास्तीत जास्त तीन वर्षं थांबवतात. म्हणजे आज घेतला तर तीन वर्षांनी, आणि पुढच्या वर्षी घेतला तर चार वर्षांनी. हिशेब तुम्हीच करा.

खानापूर रोड
विम्याचे हप्ते कशाला? आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक ही सरकारी योजना आहे की! पाच लाख फुकट.

आकडेमोड
पाच लाख बीपीएलला, म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्यांना. एपीएलला उपचाराच्या ठरलेल्या पॅकेज दराच्या 30 टक्के, तेसुद्धा वर्षाला घरटी दीड लाखापर्यंत. बाकीचे 70 टक्के खिशातून. शिवाय तातडीचं नसेल तर आधी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते. योजना वाईट नाही, पण धागाकर्ता बरोबर मधल्या फटीत अडकलाय.

निपाणीकर
आणि कर्नाटकात असलेल्या, पण महाराष्ट्र आपली म्हणतो त्या आपल्या 865 गावांचं काय? महाराष्ट्रानं महात्मा फुले आरोग्य योजना सीमाभागाला लागू केली, लगेच कर्नाटकाचा आक्षेप. भांडण दोन सरकारांचं, खाटेवर माणूस आमचा. आम्ही तर सरळ कोल्हापूर गाठतो.

खानापूर रोड
झालं, सीमाप्रश्न आला! कॉम्प्युटरवर बोला ओ.

निपाणीकर
दवाखाना म्हटला की इथं सीमाप्रश्न येणारच. असो.

स्क्रूड्रायव्हर
आता माझ्या धंद्याचं बोलतो, कारण दोन्हीकडचे लोक 45 हजार एकरकमी खर्च करायला बसलेत. 2013 च्या मशीनवर विंडोज 11 रीतसर बसणार नाही. इंटेल असेल तर आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, वर टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. म्हणजे वर चढायला जागाच नाही. पण नेटशिवाय नुसती पत्रिका लावायची तर चढायचं कशाला? हार्डडिस्कच्या जागी एसएसडी (वेगवान नवी डिस्क) घाला, जुन्या डिस्कची जशीच्या तशी कॉपी उतरवून. दोन-अडीच हजारांत मशीन पळायला लागतं. येळ्ळूरच्या ताईंचं दुखणं जुन्या कॉम्प्युटरचं नव्हतं, बॅकअप न घेतल्याचं होतं. (राग नसावा.) मेल-बिलांसाठी दुसरा वापरलेला डबा घ्या आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाका.

येळ्ळूरची सून
राग नाही, पण बॅकअप घ्यायला सांगणारे तुम्ही लोक तेव्हा कुठे असता? आणि मदरबोर्डच गेला तर? तेरा वर्षांचा आहे तो. एसएसडी घालून म्हातारा तरुण होत नाही.

स्क्रूड्रायव्हर
हे मात्र खरं. बोर्ड गेला तर त्याच प्रोसेसरला बसणारा जुना बोर्ड शोधत फिरावं लागतं, मिळेलच असं नाही.

शहापूरचा डीटीपीवाला
सकाळी बायकोला म्हटलं, एसएसडी घालू आणि उरलेल्यातून बाबांचा विमा काढू. तिला पटलं. आता बाबाच म्हणून बसले, "माझ्या नावानं हप्ता भरलास तर गोळ्या बंद करीन." त्यांना नवा कॉम्प्युटर पाहिजे! आता यांना कोण समजावणार?

आकडेमोड
अर्ज भरा, बाबांना मेडिकल चाचणीला नेतानाच सांगा.

मिरजेचा फेरीवाला
असलं काही करू नका. अण्णांनी आमच्याशी महिनाभर बोलणं टाकलं होतं.

स्क्रूड्रायव्हर
ते घरातलं तुम्ही बघा. श्रीलिपीचं डोंगल (ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही, ती किल्ली) पॅरलल पोर्टचं, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या रुंद खाचेचं आहे की यूएसबीचं, तेवढं आधी सांगा. पॅरललचं असेल तर नवीन मशीनला ते लावायला सहसा जागाच नसते, मग बाबांनी कितीही सांगितलं तरी हाच डबा ठेवावा लागेल.