सुपरफंड यादीतील जागेजवळ घर घ्यावे का? ५०.०० गुणांचा अर्थ कसा लावावा?

पाणवठा (प्रश्नकर्ता):
आम्ही न्यू जर्सीत घर शोधत आहोत. जे घर पसंत पडले आहे, त्यापासून सुमारे अर्ध्या मैलावर धातूचे सुटे भाग बनवणारा एक जुना कारखाना होता आणि ती जागा आज सुपरफंडच्या, म्हणजे विषारी कचऱ्याने दूषित झालेल्या जागा साफ करण्याच्या अमेरिकी केंद्रीय योजनेच्या, राष्ट्रीय अग्रक्रम यादीत आहे. ईपीएची (अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची) कागदपत्रे चाळली तेव्हा धोक्याच्या गुणांकनात त्या जागेला ५०.०० गुण दिलेले दिसले. यादीत येण्यासाठी २८.५० गुण पुरतात असे वाचले, म्हणजे ही जागा त्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट धोकादायक आहे असे समजायचे का? घराचा एजंट सांगतो की सरकारने जागा ताब्यात घेतली आहे, आता चिंता नको. कार्यालयातले एक ज्येष्ठ सहकारी मात्र म्हणतात की यादीत नाव आले की ती जागा कायमची गेली. मला दोन्ही म्हणणी अर्धवट वाटतात. शिवाय उद्या त्या जागेतून पसरलेला दूषित भूजलाचा पट्टा आमच्या घराखाली निघाला तर सफाईचा खर्च आमच्यावर येईल का, हीसुद्धा भीती आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

तळगाळ:
मी काही वर्षे भूजलाचे नमुने घेण्याचे आणि असे अहवाल लिहिण्याचे काम केले आहे, म्हणून आधी गुणांविषयी लिहितो, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथेच होतो.

२८.५० ही आरोग्याच्या धोक्याची मर्यादा नाही. सुपरफंडच्या १९८० च्या मूळ कायद्याने देशभरातल्या किमान ४०० जागांची यादी करावी असे सांगितले होते आणि साधारण तेवढ्या जागा यादीत याव्यात अशा बेताने हा आकडा ठरवला गेला. सप्टेंबर १९८३ मध्ये पहिली यादी निघाली तेव्हा तीत ४०६ जागा होत्या. थोडक्यात, ही रेषा वैद्यकाने नव्हे, कारभाराच्या सोयीने आखलेली आहे, आणि तिच्या खाली राहिलेली जागा निर्धोक असते असेही नाही.

आता तुमचे ५०.००. गुण चार मार्गांनी मोजतात: भूजल, पृष्ठभागावरचे पाणी, हवा, आणि माती व जमिनीखालून होणारा शिरकाव. प्रत्येक मार्गाला १०० पर्यंत गुण मिळतात. त्या चारही आकड्यांच्या वर्गांची बेरीज करायची, तिला चाराने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. एकाच मार्गाला पूर्ण १०० मिळाले आणि बाकी तिन्ही शून्य धरले, तर उत्तर बरोबर ५० येते. याच हिशेबाने एका मार्गाला ५७ मिळाले तरी २८.५० ची रेषा गाठता येते. त्यामुळे नेमके ५०.०० गुण असलेल्या जागा या यादीत वारंवार भेटतात. बहुतेक वेळा याचा अर्थ एवढाच असतो की भूजलाच्या मार्गाने कमाल गुण मिळाले आणि यादीत घ्यायला तेवढे पुरेसे असल्यामुळे उरलेले मार्ग मोजण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही. न मोजलेला मार्ग आणि निर्धोक ठरलेला मार्ग यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, पण गुणांच्या रकान्यात दोघांचीही नोंद शून्यच असते.

तुमच्या बाबतीत हा फरक विशेष महत्त्वाचा आहे. धातूचे भाग बनवणाऱ्या जुन्या कारखान्यांत तेलकटपणा काढण्यासाठी ट्रायक्लोरोइथिलीनसारखे द्रावक सर्रास वापरत असत. ते पाण्यापेक्षा जड असल्यामुळे भूजलात खोलवर उतरते, वर्षानुवर्षे थोडे थोडे विरघळत राहते आणि त्याची वाफ मातीतून वर चढून घरांच्या तळघरांत शिरू शकते. हा जमिनीखालचा शिरकाव गुणांकनात धरण्याची तरतूद २०१७ मध्ये आली. तुमची जागा त्याआधी यादीत आली असेल तर त्या ५०.०० मध्ये तळघरातल्या हवेचा विचारच झालेला नसणार.

म्हणून गुण बाजूला ठेवा आणि तीन कागद मागवा. भूजलातल्या दूषित पट्ट्याचा अलीकडचा नकाशा, उपाययोजना ठरवणारा निर्णयाचा दस्तऐवज, आणि शेवटचा पंचवार्षिक आढावा. पहिल्या दोहोंवरून पट्टा कुठल्या दिशेला सरकतो आहे आणि त्यावर काय करायचे ठरले आहे हे कळते. तिसरा कागद मात्र खरा बोलका असतो. जिथे प्रदूषण पूर्णपणे काढलेले नाही तिथे दर पाच वर्षांनी हा आढावा घ्यावा लागतो, आणि उपाय लोकांचे रक्षण करतो आहे की नाही याबद्दल त्यात एक ठराविक वाक्य लिहावे लागते. ते वाक्य 'सध्यापुरते रक्षण होते आहे' असे असेल, किंवा मत पुढे ढकललेले असेल, तर कारण जरूर वाचा. ते बहुधा त्याच परिच्छेदात सापडते. पुष्कळदा ते कारण घरांतल्या वाफेची तपासणी बाकी असणे हेच असते.

अर्धा मैल हे अंतर तसे अर्थहीन आहे. भूजलाच्या वाहण्याच्या दिशेला अर्धा मैल आणि विरुद्ध दिशेला अर्धा मैल ही दोन वेगळी घरे आहेत.

कुळकायदा:
खर्चाच्या भीतीबद्दल थोडेसे. सुपरफंडचा कायदा कडक आहे यात शंका नाही. जबाबदारी मागील काळालाही लागू होते, निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही, आणि अनेकांनी मिळून केलेल्या प्रदूषणाचा सगळा खर्च एकाकडूनही वसूल होऊ शकतो. जागेचा आजचा मालकही तत्त्वतः जबाबदार धरला जातो, आणि बहुधा हेच ऐकून लोक घाबरतात. परंतु ज्याने प्रदूषण केले नाही अशा राहत्या घराच्या मालकामागे खर्चासाठी लागायचे नाही, असे ईपीएचे धोरण १९९१ पासून आहे, आणि शेजारच्या जागेतून प्रदूषण सरकत आलेल्या मालकांना २००२ च्या दुरुस्तीने काही अटींवर संरक्षण दिले आहे. त्या अटींत सहकार्य करणे आणि नमुने घेण्यासाठी प्रवेश देणे हेही येते. घराच्या दस्तावर विहीर खोदण्यास बंदी वगैरे निर्बंध आहेत का, हे मात्र वकिलाकडून सही करण्यापूर्वी तपासून घ्या.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. जागा यादीत येणे म्हणजे कोणी दोषी ठरणे नव्हे. आधी प्रस्ताव प्रसिद्ध होतो, साधारणपणे ६० दिवस हरकती घेतल्या जातात आणि मग नाव पक्के होते. पैसे कोणी भरायचे हा प्रश्न पूर्णपणे वेगळा चालतो.

सावकाश:
एजंटाचे म्हणणे मला सहकाऱ्यांच्या म्हणण्यापेक्षा अधिक दिशाभूल करणारे वाटते. यादीत नाव येण्याचा मुख्य उपयोग एकच आहे: दीर्घकालीन सफाईसाठी केंद्राच्या निधीतून पैसे मिळण्याची वाट मोकळी होते. तातडीची कारवाई यादीबाहेरच्या जागेवरही होऊ शकते, दीर्घकालीन काम मात्र निधीतून करायचे तर यादी लागते आणि तेव्हाही त्या कामाच्या खर्चाचा १० टक्के भार राज्याला उचलावा लागतो. जबाबदार कंपनी सापडली आणि सक्षम असली तर बरे, नाही तर जागा रांगेत उभी राहते. या निधीला रसद पुरवणारे रसायने आणि खनिज तेलावरचे कर १९९५ च्या अखेरीस संपले. रसायनांवरचा कर पुन्हा लागू होण्यासाठी २०२१ चा पायाभूत सुविधांचा कायदा यावा लागला आणि तेलावरचा कर त्यानंतरच्या वर्षीच्या कायद्याने परत आणला. मधल्या पंचवीसेक वर्षांत भार मुख्यतः सर्वसाधारण करदात्यांवर होता. तेव्हा 'सरकारने ताब्यात घेतले' या वाक्यावर माझा विश्वास बसत नाही; सरकारने फक्त नोंद घेतली, इतकेच म्हणता येईल.

तळगाळ:
सावकाश यांच्याशी सहमत आहे, फक्त उलट बाजूही नोंदवतो. ज्या प्रकरणामुळे हा कायदा झाला त्या नायगारा फॉल्सजवळच्या लव्ह कॅनॉलमध्ये सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरलेला होता, आणि १९५३ मध्ये ती जमीन एका डॉलरला शाळा मंडळाला दिली गेली. १९७८ मध्ये तिथे आणीबाणी जाहीर झाली आणि शेकडो कुटुंबांना घरे सोडावी लागली. ती जागा २००४ मध्ये यादीतून वगळली, पण कचरा अजून तिथेच, आच्छादनाखाली आहे. गाळून बाहेर येणारे पाणी गोळा करून शुद्ध करण्याचे काम चालूच आहे. यादीतून वगळणे म्हणजे आणखी कारवाईची गरज उरली नाही एवढेच, जमीन पहिल्यासारखी झाली असे नव्हे. तशीच आज यादीत असलेली एखादी जागा शेजारच्या घरासाठी पूर्णपणे निरुपद्रवी असू शकते.

पाणवठा (प्रश्नकर्ता):
सर्वांचे आभार. पंचवार्षिक आढावा मिळाला. भूजल पूर्वेकडे वाहते आणि आम्ही पाहत असलेले घर जागेच्या नैर्ऋत्येला आहे. तळगाळ यांनी म्हटल्याप्रमाणे आढाव्यात 'अल्पकाळासाठी रक्षण होते आहे' असेच वाक्य आहे आणि पूर्वेकडच्या काही घरांत वाफेची तपासणी पुढे करायची आहे असे लिहिले आहे. एजंटाला याची कल्पनाच नव्हती. नकाशात आमची गल्ली पट्ट्याबाहेर दिसते, परंतु सर्वांत जवळची निरीक्षण विहीर बरीच लांब आहे, याचे काय करावे?

तळगाळ:
विहीर लांब असेल तर नकाशावरची ती रेषा अंदाजाने ओढलेली आहे असे समजा. अहवालात अशी रेषा बहुधा तुटक दाखवतात, ते पाहून घ्या. खरेदीच्या करारात तपासणीची मुदत असते, त्या मुदतीत तळघराच्या फरशीखालच्या वायूचा नमुना घेण्याची परवानगी विक्रेत्याकडे मागा. हा नमुना शक्यतो थंडीत घ्यावा, कारण घर तापलेले असताना जमिनीतली हवा आत अधिक ओढली जाते. काही आढळलेच तर रेडॉनसाठी (जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सारी वायूसाठी) बसवतात तशीच नळी आणि पंखा फरशीखालून बसवून ही वाफ बाहेर काढता येते. त्या जागेसाठी ईपीएने नेमलेल्या प्रकल्प व्यवस्थापकाचे नाव आढाव्याच्या पहिल्या पानांवर असते. त्यांना पत्र लिहून तुमच्या गल्लीच्या बाजूला नवी विहीर घेण्याचा विचार आहे का, हे सरळ विचारा. माझ्या अनुभवात अशा पत्रांना उत्तरे येतात.