नववीच्या पोरांना शाळेत फिल्म बनवायला शिकवावं का?

शिक्षक, माजलगाव तालुका
नववीला आठवड्यातून दोन तास मी मोबाइलवर फिल्म बनवायला शिकवतो. पालकसभेत यावरून वाद झाला, म्हणून इथं मांडतोय. माझ्या मते हा नुसता छंद नको, विषयच हवा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा कुठून कुठून कॅमेरे आले आणि भेगाळलेली जमीन, रिकाम्या घागरी टिपून निघून गेले. आमच्या वर्गातल्या एका पोरीनं काय टिपलं? ऊसतोडीहून परतलेली आई घराचं कुलूप काढतेय. कुलूप गंजलंय, किल्ली फिरत नाही. आई शेजारून गोडं तेल मागून आणते, दोन थेंब सोडते, फुंकर मारते. चाळीस सेकंद, बस्स. बाहेरच्याला हे दिसलंच नसतं.

पालक, लातूर
सर, कुलपाचं वाचून गलबललं. तरी माझा विरोध आहे. थोरलीच्या नीटसाठी, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेसाठी, दोन वर्षं इथं खोली करून राहतोय, गावाकडं शेत बटईनं दिलंय. पोरांच्या हातातला मोबाइल सुटावा म्हणून आम्ही जिवाचं रान करतो, आणि शाळाच तो हातात देणार? पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म शिकवणाऱ्या सरकारी संस्थेतसुद्धा मुख्य अभ्यासक्रमांना पदवी लागते. मग नववीतच घाई कशाला?

शिक्षक, माजलगाव तालुका
पोरांना फिल्मवाला करायची घाई नाहीच. वर्गात शूटिंग केलं तर ट्यूबलाइटमुळं चित्रावर पट्टे सरकत होते. पोरं म्हणाली, मोबाइल बिघडला. मग शोधलं: आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तनं. प्रत्येक आवर्तनात जुनी ट्यूब दोनदा, म्हणजे सेकंदाला शंभरदा मंद-तेज होते. शटर, म्हणजे एकेक चित्र टिपायचा वेळ, १/५० सेकंदावर आणलं आणि पट्टे गेले. हर्ट्झ म्हणजे काय, हे त्या वर्गाला आता पाठ करावं लागत नाही.

लग्नाचं शूटिंग करणारा, जालना
सरांच्या बाजूनं. फक्त चित्रावर भर देऊ नका, आवाज शिकवा. मला कुणी शिकवलं नाही. पहिल्या लग्नात मंगलाष्टकांऐवजी पंख्याची घरघर भरली होती. वाऱ्यात शूटिंग असेल तर माइकवर पिंजलेला कापूस सैलसर बांधा. आपल्याकडं त्याची काय कमी!

आई, परभणी
कापूस, शटर सगळं खरं. पण माझ्या मुलीच्या शाळेत अशाच एका उपक्रमात तिचा व्हिडिओ काढला, तो कुणीतरी ग्रुपवर टाकला. तीन दिवसांत गावभर. ती महिनाभर शाळेत गेली नाही. वर्गात कॅमेरा आणण्याआधी, न विचारता कुणाचा चेहरा घ्यायचा नाही, हे शिकवलं का?

शिक्षक, माजलगाव तालुका
ताई, तोंडी सांगितलं होतं, तेवढं पुरेसं नाही. हे आधी सुचायला हवं होतं. येत्या सोमवारपासून शूटिंग फक्त शाळेच्या दोन मोबाइलवर, सिमकार्ड काढून. ज्याचा चेहरा आहे त्यानं आधी फिल्म बघायची. तो नको म्हणाला तर त्याच्यासमोर पुसायची.

पालक, लातूर
नियम चांगला आहे. माझं म्हणणं मात्र तेच: पुढं दहावी आहे, हे दोन तास गणिताला द्या.

आई, परभणी
मी तेवढं म्हणणार नाही. पण ती कुलपाची फिल्म त्या आईनं पाहिली का, सर?