कुपवाडला 2.76 लाख की कुरकुंभला 3.36 लाख? एमएस्सी केमिस्ट्री, पहिली नोकरी

रसायनी_तासगाव
शिवाजी विद्यापीठातून एमएस्सी (ऑरगॅनिक) झाले आहे. हातात दोन ऑफर आहेत. एक सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत, गोळ्या आणि सिरप बनवणारी कंपनी, क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणी) केमिस्ट, सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) 2.76 लाख. दुसरी दौंडजवळ कुरकुंभला, बल्क ड्रगची (औषधाचा मूळ घटक बनवणारी) कंपनी, तिथेही क्यूसीच, सीटीसी 3.36 लाख. घर तासगावला. साखर कारखान्यात लॅब केमिस्ट म्हणून चिकटवतो असं एक नातेवाईकही म्हणतायत.

प्रश्न असे: हातात नक्की किती येईल? सांगलीत खोली घेतली तर खर्च किती? आणि महिन्याला पाच हजारांच्या फरकासाठी दौंडला जाऊन राहण्यात अर्थ आहे का?

टायट्रेशनवाला
सीटीसीला बाराने भागून पगार धरू नका, सगळा घोळ तिथेच होतो. 2.76 लाख म्हणजे महिन्याला 23,000. त्यात कंपनीने भरायचा पीएफ, ईएसआय (आजारपणाचा सरकारी विमा), ग्रॅच्युइटी आणि दिवाळीचा बोनससुद्धा मोजलेला असतो. बेसिक अधिक डीए 13,000 धरलं तर फोड साधारण अशी पडते:

ग्रॉस (कपातीआधीचा पगार) 19,500
कंपनीचा पीएफ, प्रशासकीय आकारासह 13 टक्के: 1,690
कंपनीचा ईएसआय 3.25 टक्के: 634
ग्रॅच्युइटी 4.81 टक्के: 625
बोनस, 7,000 वर 8.33 टक्के: 583

बेरीज 23,032. आता ग्रॉसमधून तुमचा पीएफ 1,560, ईएसआय 147 आणि व्यवसाय कर 200 गेला की हातात 17,593. ग्रॅच्युइटीचे 625 दर महिन्याला तुमच्या नावावर दाखवतात खरे, पण लवकर नोकरी सोडली तर ते मिळतीलच असं नाही. त्यांना पगार म्हणू नका.

कुरकुंभचे 28,000 असेच फोडले, बेसिक 15,000 धरलं, तर ग्रॉस 24,500 च्या आसपास. पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200 वजा करून 22,500. तिथे ग्रॉस 21,000 च्या वर असल्याने ईएसआय लागू नाही. म्हणजे आजारपणाचा आधार फक्त कंपनीच्या मेडिक्लेमचा. त्यात आईवडील धरलेत का, ते विचारा.

ऑफर लेटरसोबत फोडीचा तक्ता येतो. आला नसेल तर मागून घ्या. बेसिक किती, हा एक आकडा कळला की बाकीचं गणित घरी बसून होतं.

कुपवाडकर
वरचा हिशोब बरोबर, पण प्रश्न विचारणारी मुलगी आहे. महाराष्ट्रात महिलांना 25,000 पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही. म्हणजे कुपवाडला 17,793 आणि कुरकुंभला 22,700. एचआरच्या सॉफ्टवेअरमध्ये हे बऱ्याचदा राहून जातं, पहिली स्लिप आली की बघा. एसटीतही महिलांना अर्धं तिकीट आहे, ते खाली धरलंय.

आता खर्च. विश्रामबाग किंवा कुपवाड रोडला दोघींत खोली घेतली तर माणशी 3,000 ते 3,500, लाइटबिल धरून. वन आरके एकटीने घ्यायचं तर 5,000 च्या पुढे, वर दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट. दोन वेळचा डबा 3,000 ते 3,400. मीटर वेगळा आहे का, हे आधी विचारा. घरमालकाचा आणि भाडेकरूंचा मीटर एकच असेल तर सगळी युनिटं एकत्र होऊन वरच्या स्लॅबमध्ये जातात आणि वाटणीत तुमचं बिल विनाकारण फुगतं.

खोली फारच स्वस्त मिळत असेल तर एकच प्रश्न विचारायचा: 2019 ला पाणी कुठपर्यंत आलं होतं? आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, त्या ऑगस्टमध्ये कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. गावभाग, कर्नाळ रोड, सांगलीवाडी, दत्तनगर इकडे तळमजला घेऊ नका. शामरावनगरला नदीपेक्षा पावसाच्या तुंबलेल्या पाण्याचा आणि चिखलाचा त्रास जास्त. कुपवाड, मिरज रोड या बाबतीत निवांत.

तिन्ही पर्याय शेजारी ठेवून बघू. मोबाइल, कपडे, किरकोळ असे 2,000 सगळीकडे सारखेच धरले.

तासगावहून ये-जा: अर्धं तिकीट आणि स्टँडवरून कुपवाडपर्यंत शेअर रिक्षा मिळून 26 दिवसांचे 2,800. उरतात 12,993. कंपनीची बस सांगलीतून असेल तर आणखी हजारभर वाचतील.
सांगलीत खोली: 3,500 भाडं, 3,200 डबा, हजार येण्याजाण्याचे. उरतात 8,093.
दौंडला खोली: वाटून 2,750, डबा 3,200, महिन्यातून एकदा घरी यायचे हजार. कुरकुंभची बस बहुतेक कंपन्या देतात. उरतात 13,750.

घरून ये-जा करणार असाल तर पाच हजारांचा फरक साडेसातशेवर येतो. सांगलीत खोली घेऊन कुपवाडची नोकरी करणं मात्र आतबट्ट्याचं.

अडचण दुसऱ्या पाळीची आहे. ती रात्री अकरा-साडेअकराला सुटते, तेव्हा तासगावची एसटी शोधत बसावं लागेल. मुलींना क्यूसीत जनरल किंवा पहिलीच पाळी देतात का आणि उशीर झाला तर गाडी घरापर्यंत सोडते का, हे लेखी घ्या. तोंडी 'हो हो, अॅडजस्ट करू' म्हणजे काहीच नाही.

मळी_आणि_साखर
कारखान्याचं मी सांगतो. लॅब केमिस्ट म्हणजे तीन पाळ्या, आठ-आठ तास. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू, ऊस संपेल तसा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बंद. काम ठरलेलं: दर तासा-दोन तासाला रस, सिरप, मॅसेक्विट (साखरेचे दाणे धरलेला पाक), मोलॅसिस (मळी) यांचे नमुने. रसाचा ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थांचं प्रमाण) काढायचा, लेड सबअॅसिटेटने रस साफ करून गाळायचा, 200 मिमीच्या नळीत भरून पोलरीमीटरला लावायचा, तक्त्यावरून पोल (साखरेचं प्रमाण) काढून ब्रिक्सने भागायचं. ब्रिक्स 20 आणि पोल 16.8 आला तर प्युरिटी 84. बगॅसचा (उसाच्या चोथ्याचा) पोल वाढला की मिलवाल्यांशी भांडण, मोलॅसिसची प्युरिटी वाढली की पाक आटवणाऱ्या पॅनवाल्यांशी. साखर कुठे चाललीय ते केमिस्टच दाखवतो ना, म्हणून तो कुणालाच आवडत नाही.

हंगामी असाल तर कारखाना बंद असताना पूर्ण पगार नाही, रिटेन्शन म्हणून त्याचा काही भाग मिळतो. बऱ्याच ठिकाणी पगार दोन-तीन महिने मागे चालतो. मुख्य म्हणजे हा अनुभव औषध कंपनीत जवळपास शून्य धरतात. जायचंच तर डिस्टिलरीला जा. इथेनॉलमुळे तिथे काम हंगामानंतरही चालतं, आणि मग पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचा अभ्यासक्रम करून पुढे सरकता येतं. नुसत्या नातेवाइकाच्या शब्दावर लॅबला चिकटू नका.

बफरबाई
पैशांचा कीस पडला, आता कामाचं. दोन्हीकडे पद 'क्यूसी केमिस्ट'च, पण पहिली दोन वर्षं कुठल्या टेबलावर बसवणार, त्यावर पुढचा पगार ठरतो. वेट लॅबमध्ये कच्च्या मालाचे टायट्रेशन, राख, कार्ल फिशर (पाण्याचं प्रमाण) एवढंच करत राहिलात तर दोन वर्षांनीही भाव फ्रेशरचाच. एचपीएलसी (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) स्वतःच्या लॉगिनवर चालवलेलं असेल तर पुढच्या ठिकाणी वाढीसाठी तोंड उघडता येतं. बल्क ड्रगमध्ये त्यावर जीसीही (वायुरूपात तसंच काम करणारं मशीन) हाताला लागतो, कारण रेसिड्यूअल सॉल्व्हंट (मालात उरलेले द्रावक) प्रत्येक बॅचला बघावे लागतात.

म्हणून मुलाखतीत उलट विचारा: एचपीएलसी किती, केमिस्ट किती, नव्या माणसाला लॉगिन कधी देता? नऊ जणांत दोन मशीन असतील तर वर्षभर तुमचा नंबर लागणार नाही.

तेही मुलाखतीत तुम्हाला विचारतील. हमखास येणारा प्रश्न: फॉस्फेट बफर वापरल्यावर कॉलम (एचपीएलसीतली घटक वेगळे करणारी नळी) कसा धुवायचा? थेट शंभर टक्के अॅसिटोनायट्राइल सोडलं तर फॉस्फेट त्यात विरघळत नाही, कॉलमच्या तोंडाशी आणि पंपाच्या सीलवर मीठ बसतं, प्रेशर चढतं आणि वीस-पंचवीस हजारांचा कॉलम जातो. आधी 90 भाग पाणी आणि 10 भाग मिथेनॉल, 1 मिलि प्रति मिनिट, अर्धा-पाऊण तास. 250 × 4.6 मिमीच्या कॉलमचं आकारमान अडीच मिलिच्या आसपास असतं, म्हणजे दहा-पंधरा पट पाणी फिरतं. मग हळूहळू सॉल्व्हंट वाढवत नेऊन त्यात कॉलम बंद करून ठेवायचा. नुसत्या पाण्यात रात्रभर सोडला तर बुरशी. एवढं कारणासकट सांगितलंत तर समोरचा पुढे फार खोदत नाही.

रसायनी_तासगाव
सगळ्यांचे आभार. दोन्हीकडे फोन केला. कुपवाडला एचपीएलसी चार, केमिस्ट सात, सहा महिन्यांनी लॉगिन देतो म्हणाले. पाळ्या पहिली आणि जनरल. कुरकुंभला पहिलं वर्ष कंत्राटदाराच्या रोलवर, मग 'कामगिरी बघून' कंपनीत. ओरिजिनल मार्कशीट जमा करायला सांगतायत.

टायट्रेशनवाला
ओरिजिनल कुणालाही द्यायच्या नाहीत. दाखवायच्या, झेरॉक्सवर सही करून द्यायची आणि परत आणायच्या. कंत्राटदाराचा रोल असेल तर अनुभव पत्रावर नाव कुणाचं येणार, हे विचारा. पुढे एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन) केमिस्ट म्हणून अप्रूव्हलसाठी अर्ज कराल तेव्हा परवानाधारक कारखान्याच्या लेटरहेडवरचं पत्र लागतं. उत्पादनाकडे वळायचं तर औषध नियम 1945 च्या नियम 71 मध्ये केमिस्ट्रीच्या पदवीधराला तीन वर्षांचा अनुभव मागितलाय, बी.फार्मला 18 महिने. त्यातलं पहिलं वर्ष कंत्राटदाराच्या कागदावर गेलं तर ते सिद्ध करत बसाल.

चार मशीन आणि सात माणसं हे प्रमाण वाईट नाही. कुपवाडला सहा महिन्यांच्या लॉगिनचं ईमेलवर घ्या, नोटीस पिरियड एक महिन्याचा मागा, बाँड असेल तर किती वर्षांचा आणि किती रकमेचा ते वाचूनच सही करा. पहिल्या पगाराबरोबर यूएएन (पीएफचा कायमचा) नंबर आणि ईएसआय कार्ड आलंय का बघा. यूएएन आला नाही तर दुसऱ्या महिन्यातच विचारा, वर्षभर गप्प राहू नका.